दिवाळीच्या साफसफाईत राणीछाप रुपये अन् ढब्बू पैसे घासायला काढण्याआधी हे वाचा

पांझराकाठ (धुळे)

मंडळी, दसरा झाला, आता घराघरात डबे-गाठोडी खाली उतरणार आणि त्यातून राणीछाप रुपये, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, कुणाकडे शिवराया (शिवराई नाणी) असं सगळं बाहेर पडणार. मग चिंच, लिंबू-मीठ, राख, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, जे हाताशी असेल ते घेऊन लक्ष्मीपूजनाच्या आत सगळं चकाचक. आणि पाडवा झाला की मला फोटो यायला लागतात, "दादा १८४० चा रुपया आहे, किती येतील?" फोटोत राणीचे केस सपाट, कानाची पाळी गेलेली, नाणं पांढरंफटक. दरवर्षी बघून जीव हळहळतो म्हणून यंदा आधीच धागा काढतोय. हात जोडून सांगतो, घासू नका.

काय होतं माहितीय का, आपण काळपणाला मळ समजतो. चांदीच्या नाण्यावरचा काळा थर हा हवेतल्या गंधकामुळे तयार झालेला सिल्व्हर सल्फाइड असतो, म्हणजे बाहेरून येऊन बसलेली धूळ नाही ती, नाण्याचीच सगळ्यात वरची चांदी बदलून तो थर झालेला असतो. तो काढला म्हणजे नाण्याचाच वरचा पापुद्रा काढला. परत लावता येत नाही. तांब्याचंही तेच, आधी लालसर तपकिरी होतं, मग वर्षं जातात तसं गडद होत जातं, जमिनीत पडलेलं असेल तर हिरवं होतं, आणि हा थर घट्ट बसलेला असला की खालच्या तांब्याला तोच सांभाळतो. चिंचेनं तो काढून टाकला की उघडं गुलाबी तांबं वर येतं, दोन दिवस छान दिसतं आणि नंतर डागाडागानं काळं पडतं, ते पहिल्यासारखं एकसारखं कधीच होत नाही.

दुसरं म्हणजे चमक. टांकसाळीत ठसा जोरात बसतो तेव्हा धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेघा उठतात, नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. न वापरलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं की चमकेचा पट्टा त्याच्याबरोबर गोल फिरतो तो या रेघांमुळे. घासलं की पहिल्या त्या रेघा जातात. त्यांच्या जागी येतात घासल्याचे ओरखडे, सगळे एका दिशेनं नाहीतर गोल गोल. सराफाचं दहापट भिंग घ्या, दिवा बाजूनं मारा, नाणं तिरकं करा, लगेच दिसतात. जी चमक यावी म्हणून घासलं तीच खरी चमक घासल्यानं गेली, आता जे दिसतं ते नुसतं भांड्यासारखं पांढरं.

आणि बारकावे! राणीछाप रुपयात सगळा खेळ बारकाव्यांचा आहे. १८६२ साल छापलेला रुपया घ्या, तेच साल ठेवून तो १८७४ पर्यंत पाडत होते, मग मागच्या बाजूला साल आणि अक्षरांच्या आसपास बारीक बारीक ठिपके असतात, त्यांच्या संख्येवरून संग्राहक प्रकार ओळखतात. नुसतं "१८६२ चा रुपया" म्हणून काही कळत नाही, ठिपके मोजावे लागतात. पुढच्या बऱ्याच रुपयांवर नक्षीत इवलंसं इंग्रजी B किंवा C अक्षर असतं, टांकसाळ मुंबईची की कलकत्त्याची ते सांगणारं. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, राजाच्या झग्यावरचा इवलासा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी ओरड केली, नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त करून छापला. तो हत्ती छातीवर उंच भागात आहे, राखेनं चार वेळा घासलं की सोंड पहिली जाते. मग काय बघायचं त्यात?

शिवराईबद्दल तर जास्तच सांगावंसं वाटतं. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी काढलेलं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ते हातानं पाडलेलं, ठसा अर्धा बाहेर गेलेला, अक्षरं आधीच अर्धी असतात. आपण ती वाचू शकतो कारण खोलगट भागात काळपट-हिरवट थर बसलाय आणि उंच भाग तपकिरी आहे, त्या फरकामुळे 'श्री' उठून दिसतो. लिंबू लावलं की सगळं एकच गुलाबी, अक्षरं कुठं अन् तांबं कुठं काही समजत नाही. आपल्याकडच्या बऱ्हाणपूरच्या मोगल टांकसाळीच्या रुपयांचं पण असंच, ठसा मोठा आणि चकती लहान म्हणून टांकसाळीचं नाव निम्मंच उमटतं, त्या निम्म्यातलं आणखी घासून घालवलं तर तो रुपया बऱ्हाणपूरचा की सुरतेचा कोण सांगणार.

अजून एक, बाजारात नकली शिवराया आणि नकली राणीछाप खूप झालेत. अस्सल ओळखायच्या खुणांमध्ये जुना थर ही मोठी खूण, कारण तो घाईनं बनवला की कळतो, रंग कापडाला लागतो, खड्ड्यात वेगळा उंचीवर वेगळा नसतो. घासलेल्या नाण्यात ती खूणच राहत नाही, मग खरं नाणं असून घेणारा शंका घेतो.

पैशाचंही बोलतो कारण शेवटी लोक तिथंच येतात. एनजीसी, पीसीजीएस अशा परदेशी कंपन्या १ ते ७० गुण देऊन नाणं डबीत बंद करून देतात, घासलेल्या नाण्याला त्या आकडाच देत नाहीत, 'क्लीन्ड' असा शेरा मारून 'डिटेल्स' म्हणून परत पाठवतात. आपल्या लिलावात सुद्धा वर्णनात तसं लिहितात आणि बोली तिथंच बसते. काळं पडलेलं पण न घासलेलं नाणं आणि पांढरं घासलेलं नाणं समोर ठेवलं तर जाणकार डोळे मिटून काळं उचलतो.

कुणाला काही विचारायचं असेल तर इथंच विचारा, फोटो टाकताना नाण्याच्या कडेला धरा, मधे बोट लावू नका, घामाचा ठसा चांदीवर कायमचा उमटतो.

---

केळीबाग (रावेर)

मस्त धागा दादा. एक शंका, व्हिडिओत दाखवतात की ताटलीत ॲल्युमिनियमची फॉइल, वर गरम पाणी, खायचा सोडा आणि मीठ टाकायचं, त्यात काळा रुपया ठेवला की मिनिटात पांढरा. घासायचं कामच नाही. ते म्हणतात यात चांदी जात नाही. मग हे तर चालेल ना?

---

अमळनेरची_रसायन

याचं उत्तर मी देते, शाळेत हा प्रयोग मुलांना करून दाखवलाय, चमच्यावर, नाण्यावर नाही. व्हिडिओवाले अर्धं खरं सांगतात. ॲल्युमिनियम स्वतः गंजतं आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा चांदी होते, गंधक पाण्यात जातं, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. वजन जवळजवळ जात नाही हे बरोबर. पण जी चांदी परत बसते ती मूळ जागी मूळ रचनेत बसत नाही, सच्छिद्र, निस्तेज पांढरी बसते, म्हणून असं नाणं चुन्याचा हात मारल्यागत मेलेलं दिसतं. आणि रुपया शुद्ध चांदीचा नाही, त्यात तांबं आहे, त्याच्यावर वेगळा परिणाम होतो म्हणून ठिपके उठतात. शिवाय असं उघडं झालेलं नाणं पुन्हा भराभर काळं पडतं आणि माणूस परत सोडा काढतो.

बाजारात सिल्व्हर डिप म्हणून मिळतं ते तर आम्ल आणि थायोयुरियाचं असतं, ते थेट थर विरघळवतं. एकदा बुडवलेलं नाणं कधी कधी ओळखू येत नाही हे खरं, पण दोन-चार वेळा बुडवलं की पांझराकाठ म्हणतात त्या बारीक रेघा झिजतात आणि नाणं कायमचं मंद होतं. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक कण असतात, चांदी दातापेक्षा खूप मऊ आहे, विचार करा.

---

सुवर्णनगरी (जळगाव)

मी सराफी पेढीवर बसतो. एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका. आमच्याकडे रोज लोक जुने रुपये मोडीत घेऊन येतात. जुना रुपया ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम चांदी, तो भाव. १९४० ते ४५ चा असेल तर निम्मीच चांदी, आणि १९४७ चा तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच, लोक तेही चांदीचे समजून आणतात. गिऱ्हाईकाचं नाणं काळं आहे की पांढरं याचा काट्यावर काही फरक पडत नाही. दहातले नऊ रुपये हे असे झिजलेले, साधे असतात, त्यांना घासलं काय नाही काय, मोडीचाच भाव. मग सगळ्यांनाच घाबरवायची काय गरज?

---

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, राग कशाचा, बरोबरच बोलताय तुम्ही. १९४४-४५ चा पूर्ण झिजलेला रुपया हजारोंनी आहे, त्याला घासलं म्हणून मोठं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. पण दहातला तो दहावा कोणता हे घरातल्या माणसाला कसं कळणार? घासायला बसतात तेव्हा डब्यातली सगळी एकत्र घासतात, निवडून नाही. षष्ठम जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, १९३८ सारखाच दिसतो, फक्त शेवटचा आकडा वेगळा. तो आकडाच झिजलेला आणि चोळलेला असेल तर खोटा केलेला आकडा म्हणून कुणी घेणार नाही, कारण ८ चे ९ करून विकणारे आहेतच. आणि मोडीत देण्याआधी तरी एकदा कुणा जाणकाराला दाखवा म्हणावं गिऱ्हाइकाला, तुमच्या पेढीवरनं असा शब्द गेला तर केवढं काम होईल. भट्टीत गेलेला रुपया परत येत नाही.

---

सुवर्णनगरी (जळगाव)

हे पटलं. आमचे वडील तर ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ चे रुपये आले की बाजूला काढून ठेवायचे, भट्टीला देत नव्हते. आता मी काउंटरवर सांगत जाईन, आधी साल बघा, मग मोड.

---

भुसावळ_जंक्शन

माझा प्रश्न वेगळा आहे, मी घासलं वगैरे काही नाही. प्लास्टिकच्या पानांच्या अल्बममध्ये नाणी ठेवली होती, मे महिन्यात इथं ४५-४६ ला पारा जातो तुम्हाला माहितीच आहे, अल्बम कपाटात होता. आता बघतो तर काही तांब्याच्या पैशांवर हिरवा चिकट पदार्थ आलाय, पानाला चिकटतात. हे जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) आहे का? हे पण तसंच राहू द्यायचं?

---

पांझराकाठ (धुळे)

नाही हो, हे राहू द्यायचं नाही, हाच एक अपवाद. तुमची पानं मऊ पीव्हीसीची असणार, नव्या रेक्झिनचा वास येतो तसली. त्यांना मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य उष्णतेनं बाहेर येतं आणि प्लास्टिक हळूहळू आम्ल सोडतं, ते तांब्याला खातं, चांदीलाही सोडत नाही. आपल्या उन्हाळ्यात हे फार लवकर होतं. आधी सगळी नाणी त्या अल्बममधून काढा, जी चांगली दिसतात ती पण. पुढचं ताई सांगतील.

---

अमळनेरची_रसायन

शुद्ध ॲसिटोन. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल, रंग, वास असतो. काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं घ्या, पाच-दहा मिनिटं ठेवा, दुसऱ्या स्वच्छ वाटीत परत एकदा, बाहेर काढून तसंच वाळू द्या, चोळायचं नाही. ॲसिटोन चिकट पदार्थ विरघळवतं पण धातूशी किंवा जुन्या थराशी त्याची क्रिया होत नाही, म्हणून हे चालतं. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस-उदबत्ती-निरांजन जवळपास नको, भडका उडतो. प्लास्टिकची वाटी घेतलीत तर वाटीच विरघळू शकते.

आणि चिकट नसेल, कोरडी फिक्या हिरव्या रंगाची भुकटी असेल, टूथपिक लावली की गळते आणि खाली खड्डा दिसतो, तर ते वेगळं दुखणं आहे, त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. नाण्यात क्लोराइड शिरलेलं असतं, दमट हवेत ते आम्ल तयार करतं, आम्ल तांबं खातं, परत क्लोराइड, असं चक्र चालूच राहतं. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर म्हणजे स्थिर, त्याला हात लावू नका. फिकी भुकटी म्हणजे चालू रोग. असं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत कोरडं ठेवा, ओल तोडली की चक्र थांबतं. पुढचे उपचार संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत करतात, त्यातली काही रसायनं विषारी आहेत, घरी करू नका. मिठाच्या पाण्यात धुतलेल्या तांब्याच्या नाण्यांवर हा रोग मी बघितलाय, म्हणून लिंबू-मीठ तर नकोच नको, त्या मिठातच क्लोराइड आहे.

---

सातपुडापायथा (नंदुरबार)

आमच्याकडची गोष्ट सांगतो. इकडं धडगाव-अक्कलकुवा भागात बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असतात, राणीछाप, पंचम जॉर्ज, वर डाख लावून कडी बसवलेली. कुणी अडचणीत आलं की माळ विकतात, आणि घेणारे व्यापारी काय करतात तर कडी तोडायची, डाखाचा उंचवटा कानसीनं घासायचा, मग पूर्ण नाणं पॉलिश करायचं म्हणजे घासलेली जागा बाकीच्यात मिसळून जाते, आणि "चकाचक, वापरलेलंच नाही" म्हणून शहरात विकायचं. नवीन लोक चमकीला भुलतात. नाणं घेताना राजाच्या डोक्याच्या बरोबर वरची कड बघा, कडेचे दात तिथं अस्पष्ट आहेत का, रंग किंचित पिवळसर आहे का. बाकी कडेचे दात धारदार आणि तेवढ्याच जागी बसके असतील तर तिथं कडी होती.

माझं मत असं की माळ असेल तर माळ म्हणूनच ठेवावी. त्या रुपयांवर घामानं, तेलानं, अंगाच्या उबेनं जो रंग आलाय तो एका घराण्याच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवून आलाय. कडी तोडून एकेक नाणं विकलं तर दर नाण्याला मोडीपेक्षा फार काही मिळत नाही, आणि माळ मात्र कायमची गेली.

---

माहेरवाशीण_चोपडा

सगळं पटतंय पण एक अडचण सांगते. आमच्या सासूबाईंकडे सासूच्या सासूपासून आलेले पाच रुपये आहेत, लक्ष्मीपूजनाला आणि कानबाईच्या रोटाला तेच लागतात, पंचामृतानं धुवायचे, हळद-कुंकू वाहायचं आणि नंतर चिंचेनं घासून ठेवायचे, ही पद्धतच आहे. मी सांगितलं घासू नका तर म्हणतील देवाचं काम आहे, काळं नाणं पाटावर कसं ठेवू. काय सांगू त्यांना? आणि अक्षरांच्या खाचांत हळद बसलीय ती तरी निघेल का?

---

पांझराकाठ (धुळे)

ताई, पूजा बंद करा असं कुणीच म्हणत नाही, उलट त्या पाच रुपयांचं मोल पूजेमुळेच आहे तुमच्या घरात, ते विकायचे नाहीत मग बाजारभावाचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की अजून तीन पिढ्यांनी ते पाटावर ठेवावेत असं वाटत असेल तर दरवर्षीची चिंच त्यांना झेपणार नाही. दह्यातलं आम्ल, चिंचेतलं आम्ल, वर घासणं, राजाचा चेहरा बघा तुमच्या रुपयांवर, किती राहिलाय ते. सासूबाईंना तेच दाखवा, भिंगाखाली, वाद घालण्यापेक्षा. आमच्याकडे असं केलंय की पंचामृताचं स्नान देवाच्या मूर्तीला, आणि जुने रुपये कोरडेच विड्याच्या पानावर, अक्षता-फूल वाहायचं. ज्यांना स्नान घालायचंच आहे त्यांनी सराफाकडून चांदीचं नवीन लक्ष्मीचं नाणं घ्यावं, ते खुशाल घासा, ते त्यासाठीच असतं.

---

अमळनेरची_रसायन

हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही पण ॲसिटोनमध्ये विरघळतो, वर भुसावळच्या दादांना सांगितलंय तसंच करा. त्याआधी साध्या डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं तर कुंकवाची आणि दह्या-साखरेची साय सुटते. नळाचं पाणी नको, आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते माहितीच आहे. पुसायचं नाही, मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसतं टिपायचं. एवढ्यानं जे निघेल ते निघेल, उरलेलं राहू दे.

---

गिरणामाई (चाळीसगाव)

आमना गावमा एकजणनी आख्खा डबा राखवरी घासी टाका, बठ्ठा राणीछाप रुपया. आते म्हनस भाव काब्र येत नही. हाई धागा त्याले धाडस. 🙏

---

कापूसवाला (शिंदखेडा)

मी पहिल्यांदाच लिहितोय इथं, चूकभूल माफ. आमच्या चुलत्यांचा जुना धाब्याचा वाडा पाडायचं काम चालू आहे. भिंतीतल्या कोनाड्यामागं मातीचं लहान गाडगं निघालं, त्यात काळीकुट्ट नाणी, एकमेकांना चिकटलेली, खाली फडक्यासारखं काहीतरी. मजूर लोक म्हणताहेत पाण्यात भिजवून वेगळी करा, एक जण म्हणाला सोनाराकडचं आम्ल आणतो. चुलते म्हणतात धुऊन बघू काय आहे ते आणि वाटून घेऊ. मी थांबवलंय आजच्यापुरतं. काय करावं?

---

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, थांबवलंत ते फार मोठं काम केलंत. अजून काही करू नका. पाणी नाही, आम्ल नाही, ब्रश नाही, वेगळी करायचा प्रयत्न नाही. गाडगं, त्यातली माती, ते फडकं, सगळं आहे तसं एका खोक्यात कोरड्या जागी ठेवा, उन्हात नको. कोनाड्याचा, गाडग्याचा फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून.

चिकटलेल्या गठ्ठ्यात माहिती असते. कोणतं नाणं वर, कोणतं खाली, सगळ्यात उशिराचं साल कोणतं, त्यावरून गाडगं कधी पुरलं ते ठरतं. तांब्याच्या जंगालात कापडाचा विणकामाचा ठसा टिकून राहतो, मूळ कापड कुजलं तरी. शिंदखेडा म्हणजे सुरत-बऱ्हाणपूरच्या जुन्या वाटेच्या आसपासचा भाग, त्यात मोगली असतील, चांदवडच्या होळकरी टांकसाळीचे चांदोरी रुपये असतील, साधे कंपनीचे असतील, आत्ता काहीच सांगता येत नाही, आणि आम्ल टाकलं तर कधीच सांगता येणार नाही.

आता कायद्याचं, हे चुलत्यांना नीट वाचून दाखवा. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा, अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेलं काहीही किमतीचं म्हणजे 'निधी', म्हणजे वाड्याची भिंत पण त्यात आली. किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठं, कधी. आणि ऐवज सरकारी तिजोरीत जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करायची हमी द्यायची. कळवलं नाही, किंवा ओळख लपवण्यासाठी वस्तूत बदल केला, तर हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. उद्या कुणी "नाणी आम्लानं का धुतली" असं विचारलं तर काय उत्तर देणार? आणि मजुरांनी बघितलंय, गावात बातमी राहत नाही. कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जागेच्या मालकाचा हक्क पण धरलाय, म्हणजे कळवलं की सगळं हातचं गेलं असं नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहून तहसीलला द्या, पोच घ्या.

---

सुवर्णनगरी (जळगाव)

आणि दादा, सोनाराकडचं ते आम्ल म्हणजे नायट्रिक. चांदी त्यात विरघळते. काळा थर काढायला आणाल आणि नाणंच विरघळेल. मजुराला हात लावू देऊ नका, कातडी जळते.

---

भुसावळ_जंक्शन

ॲसिटोन केलं, दोन वेळा. हिरवं सगळं निघालं, एका पैशावर खाली बारीक खड्डे राहिलेत ते राहिलेच. आता ठेवू कशात?

---

पांझराकाठ (धुळे)

खड्डे जाणार नाहीत, पण वाढणार पण नाहीत आता. मायलरची (पॉलिएस्टर प्लास्टिकची) कडक पाकिटं घ्या, दुमडली की कडकड वाजतात ती, किंवा पुठ्ठ्याचे होल्डर ज्यांना आत मायलरची खिडकी असते. पिन मारताना पिनेची टोकं चपटी करा नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे जातात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर बँड तर अजिबात नको, त्यात गंधक असतं, चांदीच्या रुपयावर रबराची काळी रेघ उमटते ती जात नाही. मखमली पिशवी, चामड्याचं पाकीट नको. डब्यात सिलिका जेल टाका आणि पावसाळ्यात बदला. कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर तिथून हलवा, आपल्याकडं ती भिंत मे महिन्यात रात्री दहापर्यंत तापलेली असते.

---

केळीबाग (रावेर)

अजून एक विचारतो, लहान मुलांनी जमवलेले एक, दोन, तीन पैसे आहेत, ॲल्युमिनियमचे, आणि वीस पैशाची ती कमळवाली पिवळी नाणी. यांना तरी साबण-सोडा चालतो का? आणि कमळवाल्यात सोनं आहे म्हणतात ते खरं का?

---

अमळनेरची_रसायन

सोनं नाही, ती १९६८ ते ७१ ची नाणी तांब्याच्या मिश्रधातूची आहेत, रंग तेवढा सोनेरी. सोन्यासाठी वितळवू नका कुणी. आणि ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा सगळ्यात वाईट, फसफस बुडबुडे येतात आणि नाणं करडं-काळं पडतं. मुलांची असतील तर साध्या पाण्यानं, हातानं, एवढंच.

---

कापूसवाला (शिंदखेडा)

धागा चुलत्यांना वाचून दाखवला. एक वर्षाची कैद ऐकल्यावर वाटणीचं बोलणं थांबलं, आणि नायट्रिकचं पण. आज तहसीलमध्ये अर्ज दिला, पोच घेतली, पंचनाम्याला उद्या-परवा येतो म्हणाले. गाडगं खोक्यात तसंच आहे. वरच्या एका नाण्यावर उजेडात उर्दूसारखी अक्षरं दिसताहेत, फोटो टाकू का?

---

पांझराकाठ (धुळे)

पंचनामा होऊ द्या आधी, मग अधिकाऱ्यांना विचारून टाका. ती अक्षरं फारसी असणार. अर्जात "गाडगं, माती व कापडाच्या अवशेषांसह" असं लिहिलंय ना बघा, नसेल तर पंचनाम्यात घालायला लावा, आणि नाणी मोजायच्या नावाखाली तिथं कुणाला सुटी करू देऊ नका, गठ्ठ्याचं वजन करून 'चिकटलेल्या स्थितीत' एवढंच लिहा म्हणावं.